न पाहिलेला घाव

ज्या सकाळी आमच्या आबांचं डोकं फुटलं, त्या सकाळी मी घराच्या ओट्यावर बसून विश्व कसं फाटेल याचं गणित तपासत होते. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला मी रचून सांगते आहे असं वाटतं. पण माझं काम तेच होतं. सांगलीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होते आणि जोडीला डार्क एनर्जीच्या प्रारूपांवर पीएच.डी. करत होते. दिवाळीच्या सुट्टीला वडूजजवळच्या आमच्या गावी आले होते आणि तिसऱ्या प्रकरणातला एक आलेख काही केल्या जमत नव्हता.

विश्व पसरतंय हे आता शाळेच्या पुस्तकातही असतं. गंमत त्याच्या पुढची आहे. दूरच्या दीर्घिकांमध्ये एका प्रकारचे तारे फुटतात. मेलेला तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओरबाडत राहतो आणि एका मर्यादेला पोचला की एका झटक्यात उडतो. अख्ख्या दीर्घिकेइतका उजेड पडतो. अशा स्फोटाची मूळ ताकद आपल्याला साधारण ठाऊक असते, म्हणून तो किती मंद दिसला यावरून किती लांब झाला ते कळतं. लोकांनी मोजलं तर हे स्फोट हवे होते त्याहून मंद निघाले. म्हणजे ते जास्त लांब होते. म्हणजे पसरण्याचा वेग कमी होण्याऐवजी वाढत होता. गुरुत्वानं ओढून धरायचं तिथं कुणीतरी ढकलत होतं. त्या कुणीतरीला दिलेलं नाव म्हणजे डार्क एनर्जी. ती काय आहे हे कुणालाच माहीत नाही. म्हणून प्रारूपं. एक म्हणतं, ती रिकाम्या जागेचीच आहे आणि कायम सारखी राहते. दुसरं म्हणतं, ती हळूहळू बदलते, पुढेमागे ओसरेलही. तिसऱ्याला फँटम म्हणतात, आणि ते माझ्या वाट्याला आलं होतं. त्यात जागा वाढते तशी ही ऊर्जा दाट होत जाते आणि शेवटी कुणालाच आवरत नाही. आधी दीर्घिकांचे समूह सुटतात, मग आपली आकाशगंगा, मग ग्रह सूर्यापासून सुटतात, मग पृथ्वी उडते आणि अगदी शेवटी अणू. इंग्रजीत याला बिग रिप म्हणतात. माझे मार्गदर्शक सर त्याला चिंध्या म्हणायचे.

आमच्या घरात या कामाबद्दल कुणाला फारसं कौतुक नव्हतं, आणि रागही नव्हता. आजोबांच्या उमेदीपर्यंत आमची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पुढल्या पावसाच्या आधी परतायचं. मग आजोबांनी माळाचा एक तुकडा घेतला. त्यांच्यामागं तो माझ्या वडिलांचा, आबांचा, आणि धाकट्या चुलत्यांचा, तात्यांचा झाला. मधे एक बांध. त्या बांधावर बाभळी होत्या. बांध हातभर इकडं की तिकडं, याची माझ्या लहानपणी कुणाला फिकीर नव्हती. हुलगे नि मटकी पिकायची, तीही वरुणराजाला वाटलं तर. मग कालव्याचं पाणी आलं. ज्या माळावर कुत्रं फिरकत नव्हतं त्याला भाव आला. आणि सख्ख्या भावांनी एकमेकांची गचांडी धरायला सुरुवात केली. आमच्या गावात एका वर्षात इतकी डोकी फुटली की दवाखान्यातला कंपाउंडर टाके घालता घालता विचारायचा, "बांध का पाइपलाइन?"

आमच्याकडं दोन्ही होतं. आबा आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाइपलाइनसाठी चर खणत होते. दादा चरात उतरून पहारेनं मुरूम फोडत होता, आबा खोऱ्यानं ओढत होते. पलीकडं तात्या कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांद्या तोडत होते. मला ओट्यावर आधी फक्त कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"आबा, चर माज्या हद्दीत आलाय. सांगून ठेवतो."

"तुजी हद? बाभळ म्या लावली. तवा तू माती खात हुतास."

"बाभळीनं हद ठरत न्हाई. मोजणी आण."

"मोजणी आनतो. आदी तुला गाडतो या चरात."

असलं मी आधीही ऐकलं होतं. पण त्या दिवशी आबांच्या आवाजात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी लॅपटॉप बाजूला ठेवून उठले. घर आणि बांध यांच्यामध्ये कडब्याची गंज रचलेली होती. ओट्याच्या कडेला आले तेव्हा मला तिघंही स्वच्छ दिसत होते. आबांनी तात्यांच्या सदऱ्याचा गळा धरला होता. तात्यांनी कुऱ्हाड वर उगारली होती, पातं मागं, बोथट तुंबा पुढं. दादा पहार घेऊन चरातून वर चढत होता आणि आईवरून शिव्या देत होता. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. उडी मारून धावले. गंज मधे आली. गंजीला वळसा घालताना आवाज ऐकला. ओल्या जमिनीत खांब ठोकावा तसा, बसका. एकच.

पलीकडं निघाले तर आबा कुशीवर पडले होते. डोक्याखालची माती बघता बघता काळी होत होती. कुऱ्हाड तिथंच, त्या रक्तात. तात्या दोन पावलं मागं, रिकाम्या हातांनी, तोंड उघडं. दादानं पहार टाकली, आबांना उचलायला गेला, त्याचे हात कोपरापर्यंत भरले. मग त्याच हातांनी त्यानं पहार परत उचलली आणि तात्यांच्या मागं धावला. तात्या पळाले. दादानं त्यांना उसाच्या पट्टीत गाठलं आणि त्यांच्या पाठीवर पहारेचे घाव घातले. ते घाव मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तात्या पालथे पडले आणि गुरासारखे ओरडत राहिले. गावातल्या चौघांनी दादाला धरला नसता तर त्या दिवशी तात्या मेले असते.

शेजाऱ्यांच्या पिकअपमधून आम्ही आबांना साताऱ्याला नेलं. वर्धनगडच्या घाटात प्रत्येक वळणाला त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घरंगळायचं. ओढणी दाबून धरली होती, ती बोटांना चिकटली. त्यांनी दोनदा रक्ताची उलटी केली. आई पुढं बसली होती आणि मागं वळून सारखी विचारत होती, "हाय का गं? हाय का?" मी म्हणत होते, "हाय, आई, हाय."

कवटी उघडून रक्त काढावं लागलं. आबा जगले. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली आणि त्या सकाळचं त्यांना काही म्हणजे काही आठवेना. चर खणायला सुरुवात केली इथपर्यंत आठवायचं, पुढं एकदम दवाखान्याचं छत.

माझा जबाब दवाखान्याच्या व्हरांड्यातच झाला. मी सांगितलं ते असं : तात्यांनी कुऱ्हाड उगारली होती. मी गंजीला वळसा घालून गेले. आबा पडलेले होते. तसंच लिहिलं गेलं आणि मी सही केली. तेव्हा मला या तीन वाक्यांमध्ये काही खड्डा आहे असं वाटलंही नव्हतं. तात्यांनीच मारलं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

ती शंका घातली माझ्या प्रबंधानं. सुट्टी संपून मी सांगलीला परतले. माधवनगरला बंद पडलेल्या एका गिरणीजवळ मी भाड्यानं राहत होते, आणि सरांचं घर तिथून चालत जाण्याइतकं. सर निवृत्त झाले होते, स्वभावानं तिखट. माझं तिसरं प्रकरण त्यांनी लाल पेनानं रक्तबंबाळ करून ठेवलं होतं.

"हे काय लिहिलंय? 'यावरून सिद्ध होते'?"

"सर, आलेख तंतोतंत बसतो. आकडे फँटमच्या बाजूनं आहेत."

"बसतो ना? मग आता हेच आकडे स्थिर ऊर्जेच्या प्रारूपात घालून बघा. तेही बसतात. ओसरणाऱ्या ऊर्जेच्या प्रारूपात घाला. हल्लीच्या मोजमापांनी तर तेच जास्त बरं बसेल असं दिसतंय. एका परिणामाला तीन कारणं बसतात, तेव्हा तुम्ही तुमच्या आवडीच्या कारणाला सिद्ध म्हणता?"

"आवडीचं नाही, सर."

"आवडीचंच. विश्वाच्या चिंध्या व्हाव्यात असं तुम्हाला वाटायला लागलंय. बापाचं डोकं फुटल्यापासून तुमच्या लिखाणात राग आलाय. मी वाचतो ना. मोजलंय काय आणि मानलंय काय, ते वेगळं लिहा. एका वाक्यात मिसळू नका."

मला त्यांचा संताप आला. घरी येऊन दार आपटलं आणि कागद जमिनीवर भिरकावले. खरं होतं ते. त्या महिन्यांत मला सगळं फाटावं असंच वाटत होतं. तात्यांच्या घरासकट, आमच्या घरासकट. रात्रंदिवस मी ते समीकरण चालवायची आणि पृथ्वी उडण्याचा टप्पा आला की मला बरं वाटायचं.

मग मी बसले आणि प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. एका बाजूला मोजलेलं. दुसऱ्या बाजूला मानलेलं. लिहिता लिहिता एका दुपारी माझ्या मनात बांध उभा राहिला, आणि मी काही ठरवलं नसताना तोही तसाच दोन बाजूंना पडत गेला. कुऱ्हाड उगारलेली : पाहिलं. आबा पडलेले : पाहिलं. दादा पहार घेऊन वर येताना : पाहिलं. घाव : नाही पाहिला. दादा पहार मारायला निघाला होता तात्यांवर, आणि आबा तात्यांच्या छातीला भिडलेले होते. डॉक्टरांच्या कागदात होतं, जड आणि बोथट वस्तू. तुंबाही जड आणि बोथट. पहारही. रक्त दोन्हींवर. कुऱ्हाड रक्तात पडली म्हणून, आणि पहारेला दादाचे भरलेले हात लागले म्हणून. किंवा तसं नसेलही.

मी पेन खाली ठेवलं.

मी हे कुणाला बोलले नाही. तात्यांच्या वकिलानं मात्र तोच मुद्दा धरला आणि गावभर झाला : आबांना दादाची पहार लागली. दादा हे ऐकून पिसाळला. तात्यांच्या घराच्या पत्र्यावर त्यानं दगड टाकले. चुलत भावाला एस.टी. स्टँडवर गाठून त्याचा दात पाडला. घरात मला बघून म्हणायचा, "तूच हायस. बाकी कोन न्हवतं तिथं. तू सांगितलंस की मिटलं."

साताऱ्याच्या कोर्टात माझी साक्ष निघाली तेव्हा उन्हाळा होता. सांगलीहून विट्यामार्गे आलेली एस.टी. घामानं आंबली होती. दादा कोर्टाच्या आवारात झाडाखाली थांबला होता. इस्त्रीचा सदरा घातलेला, दाढी केलेली. त्यानं मला बाजूला घेतलं.

"हे बघ. 'उगारली' म्हनू नको. 'मारली' म्हन. एका शब्दाचा फरक हाय."

"दादा, मी गंजीच्या मागं होते."

"मला म्हाईत हाय तू कुटं हुतीस."

"मग?"

"मग काय? कुनी मारली आसंल मग? सांग की. कुनी?"

त्याचे डोळे असे झाले होते की मी दुसरीकडं बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, हा मला दटावत नाही, हा विचारतोय. त्यालाही ठाऊक नाही.

आमच्या बाजूच्या सरकारी वकिलांनी थोडक्यात घेतलं. मग तात्यांचे वकील उठले. उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ.

"मॅडम, आपण काय शिकवता?"

"भौतिकशास्त्र."

"आणि संशोधन?"

"डार्क एनर्जीच्या प्रारूपांवर."

"म्हणजे काय, कोर्टाला जरा सोपं करून सांगा."

मी सांगितलं. विश्व पसरतंय, वेग वाढतोय, त्याच्यामागं काहीतरी आहे.

"ते काहीतरी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग आहे कशावरून?"

"परिणामावरून."

"वा. म्हणजे पडलेला माणूस पाहिला की मारणारा ठरला, अशी आपली पद्धत."

मागं कुणीतरी हसलं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. मी कठड्याला धरून म्हणाले, "नाही. आमची पद्धत तशी नाही. एका परिणामाला एकापेक्षा जास्त कारणं बसत असतील तर आम्ही कुठल्याच एकाला सिद्ध म्हणत नाही."

बोलून झालं आणि मला कळलं की त्यांना हेच हवं होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तर मग आबांच्या डोक्यावर बसलेला घाव आपण पाहिलात?"

न्यायाधीश वर बघून म्हणाले, "जे पाहिलं तेवढंच सांगा."

दादा तिसऱ्या बाकावर होता. आई त्याच्याशेजारी. तात्या पिंजऱ्यात मान खाली घालून. पाठीवर बसलेल्या त्या घावांनंतर ते सरळ उभे राहू शकत नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "उगारलेली कुऱ्हाड पाहिली. घाव पाहिला नाही."

"तो पहारेचा असू शकतो?"

"मी पाहिला नाही."

तात्या सुटले. संशयाचा फायदा. दादावर तात्यांना मारल्याचा खटला वेगळा होता, तो चालूच राहिला.

निकालाच्या दिवशी मी गावी होते. लोक म्हणाले होते, जाऊ नको. पण आबांना बघितल्याला बरेच दिवस झाले होते, आणि मी काही चोरी केलेली नव्हती. दादा दुपारी आला. चप्पल न काढता आत आला आणि माझे केस धरून मला अंगणात ओढलं. पहिली थप्पड कानावर बसली, त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं. मग मूठ. ओठ फाटला, पुढचा दात अर्धा तुटला. मी खाली पडले तर लाथा. तो एकच वाक्य म्हणत होता, "मला बापाला मारनारा ठरवलंस. मला. मला." मी हात वर केले तेव्हा त्यानं मनगट पिरगाळलं आणि हाड कट्कन वाजलं.

आई दारात उभी होती. तिनं त्याला अडवलं नाही. ती म्हणाली, "बापासाटी एक शब्द बोलायला तुजी जीभ झडली व्हय गं?"

आबा बाजेवर होते. उजवी बाजू लुळी, बोलणं तोंडातल्या तोंडात. त्यांनी काय केलं असेल? डाव्या हातानं बाजेजवळचा पितळी तांब्या उचलला आणि दादाच्या तोंडावर फेकला. नेम बसला. भुवईवर. दादाच्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो थबकला. आबा बाजेवरून खाली कोसळले होते आणि मातीतून अंग ओढत माझ्याकडं येत होते.

"सोड तिला," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. "सोड. भडव्या."

"आबा, आवं तुमच्यासाटीच—"

"माज्यासाटी न्हाई. तुज्यासाटी."

दादा अंगणात उभ्याउभ्या रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, रक्त पुसत, नाक ओढत. आबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते मला म्हणाले, "मला तुज्यासंगं न्हे."

अशा तऱ्हेनं आबा माधवनगरला आले. माझा हात प्लास्टरमध्ये, त्यांचा हात लुळा. दोघांत मिळून दोन हात चालते, त्यावर घर चालवायचं. त्यांना फिट यायच्या. आधी डावा डोळा फडफडायचा, मग सगळं शरीर बाजेवर आपटायला लागायचं. एकदा त्यांनी माझं बोट चावलं ते हाडापर्यंत. शुद्धीवर आले की विचारायचे, "कुनी मारलं?" मी म्हणायची, "कुणी नाही, आबा. फिट आली होती." ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

मी काम करत बसले की ते बघायचे. एकदा विचारलं, "हे काय काडतीस?"

मी सांगितलं. या रेषेवरून गेलं तर सगळं फाटतं. या रेषेवरून गेलं तर नुसतं लांब लांब होत जातं, थंड, अंधारं. आणि ही तिसरी, हिच्यात जोर ओसरतो.

"कवा फाटणार?"

"अब्जावधी वर्षांनी. कदाचित कधीच नाही."

"आन् तू आत्ता रडतीस." मग म्हणाले, "कंची खरी?"

"माहीत नाही."

"आसं लिवून पदवी देत्यात?"

"माहीत नाही हे नीट लिहिलं तर देतात."

त्यांना ते पटलं नाही. "मंग मला दिली पायजे," म्हणाले, आणि हसता हसता लाळ गळली ती पुसायला मला बोलावलं.

पावसाळ्याच्या तोंडाला तात्या आले. मी दार उघडलं तर काठी टेकत, वाकून उभे. हातात पिशवी, त्यात गावचे हुलगे. मला म्हणाले, "बाई, तुजे उपकार—"

"तात्या, उपकार म्हणू नका. तुम्ही मारलं नाही असं मी म्हटलेलं नाही."

"व्हय. ऐकलंय म्या."

त्यांना आत घ्यावं की नाही हे माझं ठरायच्या आत आतून आबा म्हणाले, "कोन हाय?" आणि तात्या आत गेले. जाऊन बाजेच्या कडेवर बसले. एवढ्या जवळ बसायला नको होतं. आबांनी डाव्या हातानं त्यांचा गळा पकडला. लुळ्या माणसाच्या दुसऱ्या हातात किती ताकद जमा होते हे मी तेव्हा पाहिलं. तात्यांचा चेहरा लाल झाला, मग काळसर. डोळे बाहेर यायला लागले. मी आबांची बोटं सोडवायला झटत होते, माझं नुकतं जुळलेलं मनगट ठणकत होतं. तात्यांनी मात्र हात वर केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, शाळेतल्या पोरासारखे.

शेवटी आबांनीच बोटं सैल केली. तात्या खोकत जमिनीवर गुडघ्यांवर आले.

"तू मारलंस?" आबांनी विचारलं.

तात्यांना बोलता येईना. मी पाणी दिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उगारली म्या. मारायचीच हुती, आबा. खोटं न्हाई बोलत. जीव घ्यायचाच हुता त्या वक्ताला. खाली बी आनली. पन त्याच टायमाला पोरगा आला, तू वळलास, कायतरी ठाण्णकन झालं, माज्या हातातनं कुऱ्हाड गेली. तुज्या डोक्यावर बसून गेली का पहारेवर बसून गेली, मला देवाशपथ ठावं न्हाई."

"ठाण्णकन?" मी विचारलं. मी ऐकलेला आवाज बसका होता, आणि एकच.

"व्हय. का धप्पकन. आता मलाबी कळंना बाई. रोज येगळं आठवतं."

बाहेर पॉवरलूमचा खडखडाट चालला होता. आबा बराच वेळ तात्यांच्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिले.

"पाठ त्यानं मोडली?"

"व्हय."

"ते हिनं बगितलंय," आबा म्हणाले. मग तोंड फिरवून म्हणाले, "जा आता. परत यिऊ नको."

तात्या गेले. हुलग्याची पिशवी दारातच राहिली. आबांनी ती फेकून द्यायला सांगितली, मग थोड्या वेळानं म्हणाले, "राहू दे. शिजवून माडगं कर."

दादाच्या खटल्यात मी परत साक्षीला उभी राहिले. या वेळी मी पाहिलेलं सगळं सांगितलं, कारण पाहिलं होतं. उसाची पट्टी, पालथा पडलेला माणूस, पहार. दादाला शिक्षा झाली. निकालानंतर त्याला नेताना मी बाजूला उभी होते. मला वाटलं तो थुंकेल किंवा शिवी देईल. तो माझ्या तुटक्या दाताकडं बघून पुढं गेला.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, फँटम प्रारूपावर एवढी वर्षं घालवून तुम्ही शेवटी ते नाकारतही नाही आणि स्वीकारतही नाही, मग तुमचं योगदान काय? मी म्हणाले, ते खरं असेल तर यापुढच्या मोजमापांत नेमकं काय दिसायला हवं आणि खोटं असेल तर काय, एवढं मी काढलं आहे. त्यांनी मान हलवली, एक आकडेमोडीची चूक दाखवली आणि चहा मागवला. सर कोपऱ्यात बसून नाक शिंकरत होते. डोळे पुसायला तो बहाणा होता.

आबा त्या वेळी वर्षभर फिटशिवाय होते. काठी धरून गिरणीच्या भिंतीपर्यंत चालायचे, तिथं बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी भांडायचे. मी आईला फोन करायचं सोडलं नव्हतं. ती उचलत नव्हती. दादा सुटून आल्यावर एका संध्याकाळी फोन उचलला गेला. पलीकडं नुसता श्वास. आईचा नव्हता, जड होता.

"दादा?" मी म्हणाले.

मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"आबा जेवतात का?" त्यानं विचारलं.

"जेवतात."

"कंच्या हातानं?"

"डाव्या. उजवा अजून तसाच."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.